मातेच्या बकऱ्याची घाटी

"जे आपल्या डोळ्यानं पाहिलं नाही त्याची किरिया खाऊ नोको, मनकर्णा. कोनी का म्हनंना. नवरा म्हनो, पाटील म्हनो, उद्या मी म्हनली तरी खाऊ नोको. पाय हायेत नं तुले? जाऊन पाहाजो, मंग बोलजो."

रंभाबाई हे बोलली तेव्हा सुपात लाखोरीचे दाणे पाखडत होती आणि तिने मानही वर केली नव्हती. सासूला जाऊन आता बरीच वर्षे झाली होती. पण तिचे काही शब्द मनकर्णाच्या कानामागे अजून बसून होते, आणि नेमके नको त्या वेळी बोलायला लागत.

आताही तसेच झाले. मातामायच्या शेंदरी दगडापुढे दिवा लावला होता. कडुनिंबाखाली गाव जमले होते. मारोतराव पाटील मुळीवर घोंगडी टाकून बसले होते आणि मनकर्णाला शपथ घ्यायला सांगत होते, "ठेव हात."

मनकर्णाने हात पदराखाली घेतला.

"एवढंच म्हन," मारोतराव म्हणाले, "मातेचा बकरा लांडग्यानं नेला. आमी इकला नाही, कापून खाल्ला नाही. बस. तू तुह्या घरी जाय, मी माह्या घरी जातो."

"मी तठी नव्हती, पाटील."

"तुहा नवरा होता."

"तं त्याइले विचारा."

"त्याले काय विचारू? मरद मानूस पोटासाठी दहा किरिया खाते. तू उपासतापास करनारी बाई. तू हात ठेवला तं मी मानतो. गाव मानते."

श्रावण बाजूलाच बसला होता, एक पाय लांब करून. टाचेला बिब्ब्याचा चटका दिलेला, वर चिंधी बांधलेली. तो बायकोकडे पाहत होता. ठेव की, असे त्याचे डोळे म्हणत होते.

"मी ठेवत नाही हात," मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज मुळातच हलका, मागच्या बायांना तो ऐकूही गेला नाही. पुढच्यांनी मागे सांगितले, आणि कुजबुज पसरत गेली.

"घ्या," गोपीचंद म्हणाला. हा गोपीचंद पाटलाची लाखोरीचे पीक राखायचा, दिवसभर बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर बसून. "देवाची बाई देवाले भेते. आता काय पाहाचं रायलं? बपेऱ्याच्या बाजारात पल्याडचे बेपारी येतेतच. बकरा गेला नदीपार."

कोणीतरी हसले. मनकर्णा हसणाऱ्याकडे वळली नाही. तिने वाकून दिव्याची वात सारखी केली, कारण ती एका अंगाला जळत होती, आणि ती घराकडे निघाली.

"उद्या सांजेवरी," मारोतराव मागून म्हणाले. "उद्या आखरात गाव जमंल तवा सांग. नाही तं राखण परवापासून गोपीचंदाकडे."

गावच्या बकऱ्या राखायचे काम श्रावणच्या घराण्यात आजापासून होते. सकाळी घराघरातून बकऱ्या सुटायच्या, गावाबाहेरच्या आखरात जमायच्या, श्रावण त्यांना रानात न्यायचा आणि सांजेला परत आणायचा. त्यावर घराला वर्षाचे धान मिळायचे आणि सणाला पुरणाचे ताट. या घरच्या बायकांचा एक नेम होता. रंभाबाईने तो पाळला, तिच्या सासूने पाळला, आता मनकर्णा पाळत होती. बकऱ्या आखरात पूर्ण परत आल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. बकऱ्या रोज यायच्या, म्हणून नेम कधी जड गेला नव्हता. काल सांजेला एक कमी आली. काल सकाळपासून मनकर्णा पाण्यावर होती.

आणि कमी आली ती मातेची. पाटलाच्या नातवाला गेल्या वर्षी ताप आला होता, मूल हाती लागेल असे वाटत नव्हते. तेव्हा पाटलांनी मातामायला बकरा बोलला. नातू उठला. एका काळ्या बोकडाच्या कानात पितळी बाळी घातली, गळ्यात घाटी, लहान घंटा, बांधली आणि त्याला श्रावणच्या कळपात सोडले, चैतातल्या जत्रेपर्यंत. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही, काठी उगारायची नाही, तो कुठे गेला तरी हाकलायचे नाही. बकऱ्यालाही हे लवकरच कळले होते.

घरी आल्यावर श्रावण बाजेवर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केले. मनकर्णाने पाणी तापवले, चिंधी सोडली. टाच सुजून लाल झाली होती, मधोमध काळा ठिपका. काटा अजून आत होता.

"दाबू का?"

"दाबाले काय रायलं आता," तो भिंतीला म्हणाला. "अख्ख्या गावात दाबली नं तू. माह्या बायकोले माहा भरोसा नाही."

"भरोसा हाय."

"मंग हात काहून नाही ठेवला?"

"भरोसा वेगळा अन् पाहानं वेगळं." तिने टाचेच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबले. तो कण्हला. पिवळे पाणी आले, काटा आला नाही. "कुठी नेला त्यानं?"

"सांगतलं नं. जुन्या बोडीच्या वर, मोहाच्या झाडापुढं. भराटीतून आला अन् मागच्या मागं घेऊन गेला."

"तुमी कुठी होते?"

"समोर."

"घाटी वाजली असंल. त्याले धरला तवा घाटी वाजली असंल नं?"

श्रावणने पाय ओढून घेतला. "झोपू दे मले," तो म्हणाला.

मनकर्णा चिंधी हातात घेऊन बसून राहिली. इतकी वर्षे तिने या माणसाला ओळखले होते. त्याला खोटे बोलता येत नसे; खोटे बोलायची वेळ आली की त्याला झोप यायची.

सकाळी तिने तुळशीला पाणी घातले, कुंकवाचे बोट लावले, आणि कोपऱ्यातली आकडी घेतली. झाडाची फांदी ओढायची ती लांब काठी, टोकाला विळीसारखे वाकडे लोखंड. श्रावण उठून बसला.

"कुठी?"

"पाहाले."

"येडी झाली का? बाईमानसानं एकटं तिकडं—"

"तुमी चालता का?"

त्याने पायाकडे पाहिले. भुरी कुत्री दारातून उठून तिच्या मागे आली. तिला कोणी बोलावले नव्हते.

विहिरीवर कुंताबाई बादली ओढत होती. शेजारीण, वयाने मोठी, जिभेने त्याहून मोठी. "काय वो, उपाशी पोटी निंगाली का?"

"हाव."

"काही खाऊन तं घे. मातामाय काही म्हनत नाही."

"मातामायचा नाही, सासूचा नेम हाय."

"मंग खाऊ नोको बाई," कुंताबाई म्हणाली. "रंभाबाई आठवली का मले अजून भेव लागते. पानी तं पी." तिने ओंजळीत पाणी ओतले. मनकर्णा प्यायली, तोंडावर मारले आणि निघाली.

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. पण मोकळ्या म्हणजे नावाला. उभ्या धानातच फेकलेली लाखोरी आता वीतभर वाढून निळ्या फुलावर आली होती. बकरीला तिच्यासारखे गोड काही नाही. म्हणून पौष-माघात बकऱ्या राखणाऱ्या ढोरक्याची फार ओढाताण होते. बांध्यांत बकरी गेली तर मालक मारायला उठतो. बांध्या टाळल्या तर चराई उरते ती बोडीच्या वरच्या झुडपी रानात. आणि झुडपी रानात लांडगा.

धुऱ्यावरून जाताना दव पायाला लागत होते. गोपीचंद पाटलाच्या बांधीवर आधीच येऊन बसला होता, बिडी ओढत. "बकरा पाहाले निंगाली का?" तो म्हणाला. "नदीपार पाहाजो."

ती पुढे गेली. पोटात आता भूक नव्हती, नुसता एक हलकेपणा होता. पाय मात्र नेहमीपेक्षा जड वाटत होते.

जुन्या बोडीचे पाणी आटून मधोमध चिखल राहिला होता. चिखलात बगळे. बोडीच्या वर मोहाचे झाड, आणि त्यापुढे भराटीची, चिल्हाटीची जाळी सुरू होत होती, टेकडीच्या उतारापर्यंत. मोहाखाली बकऱ्यांच्या लेंड्या पडलेल्या दिसल्या. म्हणजे कळप इथे बसला होता. ती तिथून पावलापावलाने पुढे सरकली. भुरीने नाक जमिनीला लावले आणि तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले.

रक्त वाळून काळे पडले होते. गवत एका दिशेला झोपले होते. एका काट्यावर काळ्या केसांचा झुबका. मनकर्णाने तो काढला, बोटांत चोळला. बकरा इथेच धरला होता. यात खोटे काही नव्हते. तिला एवढे बरे वाटले की ती क्षणभर तिथेच उकिडवी बसली.

पण केसांच्या झुबक्यावर पाटील काय मानणार? झुबका तर कापलेल्या बकऱ्याचाही असतो. बाळीचा कान पाहिजे.

ती ओढत नेल्याच्या खुणेमागे जाळीत शिरली. पदर कमरेला खोचला, तरी काटे धरत होते. आकडीने फांदी ओढायची, पाय टाकायचा, पुन्हा ओढायची. हातावर ओरखडे उठले. टेकडीच्या पायथ्याशी एक जुने वारूळ होते, एका बाजूने ढासळलेले, आणि त्याच्या पोटाशी बीळ, माणूस ओणवा होऊन शिरेल एवढे. समोरची माती पायांनी तुडवून गुळगुळीत झाली होती. हाडे पडली होती, काही नवी, काही जुनी. माश्यांचा आवाज येत होता.

भुरी गुरगुरली आणि मग एकदम तिच्या पायाशी येऊन चिकटली.

लांडगी वारुळाच्या वरच्या अंगाला उभी होती. मनकर्णाने लांडगा आयुष्यात दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा पळताना. ही पळाली नाही. रोडावलेली, मातीच्या रंगाची, आणि पोटाखाली आचळे लोंबलेली. म्हणजे बिळात पिल्ले होती.

मनकर्णाने आकडी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि ती पाऊलभरही मागे सरली नाही. मागे सरले की जनावर पुढे येते, हेही रंभाबाईनेच सांगितले होते.

"तुले लेकरं हायेत," ती म्हणाली. तोच तिचा हलका आवाज. "मले घर हाय. माहं मले पाहू दे."

लांडगीने कान मागे केले. मनकर्णा तिच्यावरची नजर न काढता खाली बसली आणि डाव्या हाताने चाचपडू लागली. हाड. कातड्याचा तुकडा. पुन्हा हाड. मग मुंग्या लागलेले अर्धे डोके हाताला लागले. डोक्याला एक कान होता. कानात बाळी होती.

तिने आकडीच्या धारेने कान कापून घेतला. शेजारी, मातीत अर्धी रुतलेली, घाटी पडली होती, पट्टा तुटलेला. ती उचलली. हलवली.

घाटी वाजली नाही.

तिने पुन्हा हलवली. मग उलटी करून पाहिली. आत तणस, धानाचा वाळका पेंढा, कोंबली होती, घट्ट, बोटाने दाबून दाबून बसवलेली, लोलक हलणार नाही अशी. लांडग्याने हे केले नव्हते.

ती उठली. लांडगी अजून तिथेच होती. मनकर्णाला तिचा नव्हे, दुसऱ्याच कशाचा राग आला होता, आणि तो सगळा तिने लांडगीकडे पाहून गिळला.

"उद्यापासून मी येनार हाव बकऱ्या घेऊन," ती म्हणाली. "याच वाटेनं. तुही नजर अन् माही नजर."

आणि ती उलट्या पावलांनी जाळीच्या बाहेर आली.

श्रावण उंबरठ्यावर बसून वाट पाहत होता. तिच्या हातावरचे ओरखडे पाहून तो उठू लागला, टाच टेकली आणि पुन्हा बसला. मनकर्णाने पळसाच्या पानात गुंडाळलेला कान त्याच्या पुढे ठेवला.

"सापडला!" तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला, लहान मुलासारखा. "म्या सांगतलं होतं नं? आता दाखव त्या पाटलाले. आता बोल म्हना गोपीचंदाले."

तिने पदराची गाठ सोडली आणि घाटी कानाशेजारी ठेवली. तणस तशीच होती.

श्रावणचा चेहरा विझला. त्याने तणशीला बोट लावून पाहिले. या वेळी त्याला झोपही आली नाही.

"रोज सकाळी नाल्यात गेलो का बुजवत होतो," तो शेवटी म्हणाला. "सांजेले गावात याच्या आंदी काढत होतो."

"काहून?"

"तुले काय माहीत तो बकरा कसा होता. सरळ लाखोरीत जाये. हाकलता येत नाही, देवाचा. अन् घाटी वाजली का धुऱ्यावरून गोपीचंद उठे. मायबहिनीवरून शिव्या. मागल्या हप्त्यात ढेकूळ मारलं पाठीत, अन् काठी घेऊन मागं लागला. म्या पळालो. जोडा तठीच रायला. तो काटा तवाचा हाय." त्याने टाचेकडे बोट केले. "घाटी नाही वाजली तं निदान त्याले ऐकू जात नाही. मंग मी हळूच बकऱ्याले हिरवा पाला दाखवून बाहेर काढो."

"अन् परवा?"

"परवा मी मोहाखाली बसलो होतो. पाय ठनकत होता. बकऱ्या पुढं होत्या. घाटी असती तं ऐकू आलं असतं मले. मुंडी वर केली तवा तो घेऊन गेला होता." त्याने तोंड हाताने पुसले. "समोर नव्हतो मी. पाठमोरा होतो."

मनकर्णाला जुनी रीत आठवली. रंभाबाई हयात असताना घाटी कळपातल्या सर्वांत मागे राहणाऱ्या बकरीच्या गळ्यात असायची. पाटलाने ती देवाच्या बकऱ्याच्या गळ्यात घातली, शोभेला. तेव्हापासून कळपाचे शेपूट मुके झाले होते. पण हे आता सांगून काय होणार होते.

"ते नाल्यात फेकून दे," श्रावण म्हणाला. "कान दाखव. बाळीवाला कान हाय. तेवढा बस हाय."

"काल म्या किरिया नाही खाल्ली, कारन पाहिलं नव्हतं."

"हाव तं."

"आता पाहिलं. आता अर्धं कसं सांगू?"

"राखण जाईल, मनकर्णे." तो पहिल्यांदा तिच्या नावाने बोलला. "तुमचीच चूक म्हनून दोन बोटं दाखवील पाटील. आपलं घर कायले राहीन मंग?"

"जाईल तं जाईल," ती म्हणाली. "पन बुजवून राहिली तं ते राखण कायची?"

तिने घाटी उचलली नाही की फेकली नाही. कानाबरोबर पानात गुंडाळली आणि ती अंग धुवायला गेली. ओरखड्यांना पाणी झोंबले तेव्हा तिने दात आवळले, आणि मनात मातामायला म्हणाली, तू पाहात हाय नं, तं पाहात राहाजो.

सांजेला आखरात गाव कालच्यापेक्षा जास्त जमले होते. त्या दिवशी बकऱ्या सुटल्याच नव्हत्या, घरोघरी दाव्याला बांधून होत्या आणि भुकेने ओरडत होत्या. मारोतराव उभे होते. त्यांची बायको सुशीलाबाई बायांच्या घोळक्यात, कडेवर तोच नातू. श्रावण काठी टेकत टेकत बायकोच्या मागून आला.

मनकर्णाने पान उघडले. "हा कान. हे बाळी. जुन्या बोडीच्या वर, भराटीत, वारुळाचं बीळ हाय, तठी सापडला. दातानं फाडलेलं डोकं तठीच पडलं हाय. ज्याले पाहाचं त्यानं जाऊन पाहावं."

मारोतरावांनी बाळी ओळखली. मान हलवली. "बरं झालं. मातेनं आपलं नेलं म्हनाचं." त्यांच्या आवाजात सुटका होती. "चला, मिटलं."

"मिटलं नाही, पाटील." तिने घाटी पुढे केली. "हे पाहा. याच्यात तणस हाय. आमी बुजवली."

कुजबुज थांबली. श्रावणने डोळे मिटून घेतले.

"काय म्हनतं तू?" मारोतराव म्हणाले.

"माह्या मालकानं बुजवली. वाजली असती तं बकरा वाचला असता कदाचित. हे आमची चूक. नाही म्हनत नाही."

"पाहा, पाहा," गोपीचंद पुढे आला. "म्या काय म्हनत होतो? मातेच्या घाटीत तणस कोंबनारा ढोरकी, अन् राखण याच्याकडं?"

मनकर्णा त्याच्याकडे वळली. "गोपीचंदभाऊ, तुमी मागल्या हप्त्यात याइच्या पाठीत ढेकूळ मारलं का नाही?"

"मारलं तं मारलं. बकरा लाखोरीत होता पाटलाच्या."

"मंग बकऱ्याले काहून नाही मारलं?"

"येडी हाय का तू? मातेच्या बकऱ्याले हात लावता येते का?"

"म्हनून ढोरक्याले लावला."

"हाव, म्हनून ढोरक्याले—" गोपीचंद म्हणाला आणि थांबला.

पहिल्यांदा कुंताबाई हसली, तोंडावर पदर धरून. मग बाकीच्या बाया. मग माणसेही. गोपीचंदाने इकडे तिकडे पाहिले. "हसाले काय झालं? त्या लांडगीचा ठावठिकाणा सांगतलाच हाय, मी सकाळीच आग लावून येतो बिळाले."

"लावा," मनकर्णा म्हणाली. "तुमाले लाखोरीत ढोरकी सापडते. रानात लांडगा सापडते का पाहा." या वेळी हसणे मोठे झाले, पण ती हसली नाही. ती पाटलाकडे वळली होती.

"पाटील, मातेनं कदी म्हटलं का, माह्या बकऱ्यापायी मानसाले मारा? मी बी तिचीच हाव. रोज तिच्या नावानं दिवा लावतो. मले तं तिनं असं काही सांगतलं नाही." तिचा आवाज अजूनही हलकाच होता, पण आता आखरात तो शेवटपर्यंत ऐकू जात होता, कारण दुसरे कोणी बोलत नव्हते. "आमच्या कोठ्यात पट्ट्याचा बोकड हाय. चैतात तो मातेचा. आमची चूक आमी भरतो. पन बांधीत गेला तं त्याले हाकलता येईल, अन् त्याच्यापायी कोनी ढोरक्याच्या अंगावर हात टाकनार नाही, हे तुमी अठी म्हना."

मारोतरावांच्या कपाळावर आठी उभी राहिली. गावासमोर कोणी त्यांना काही म्हणायला लावावे, आणि तेही ढोरक्याच्या बायकोने, अशी रीत नव्हती. "तू मले सांगाले लागली का?" ते म्हणाले. "अन् राखील कोन? याच्या पायाचं काय झालं ते दिसते. बाईमानूस रानात बकऱ्या राखत नाही."

"आज गेली होती नं बाईमानूस रानात," कुंताबाई मागून म्हणाली. "तुमच्या मरदाइपैकी कोन गेलं होतं?"

"तू गप, कुंता."

"मी म्हनतो," दुसऱ्याच बाजूने आवाज आला. सुशीलाबाईने नातवाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले. नवऱ्याकडे न पाहता ती मनकर्णाशी बोलली. "नवस या लेकराचा हाय. तवा रातभर मांडीवर घेऊन मी बसली होती, पाटील नाही. मी म्हनतो, बकरा हाकलता येईल. ढोरक्याले कोनी मारनार नाही. झालं?"

"झालं, बाई."

मारोतरावांनी घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि ते चालू लागले. थोडे जाऊन थांबले. "एक बकरी कमी आली," ते न वळता म्हणाले, "तं मंग मी ऐकत नाही कोनाचं."

"एकही कमी येनार नाही," मनकर्णा म्हणाली. "याइची टाच बरी होतवरी मी नेतो. जितक्या सोडान तितक्या आनीन."

"मातेची किरिया घेते का त्याची?" गोपीचंद म्हणाला.

"नाही. उद्याचं अजून पाहिलं नाही म्या," ती म्हणाली. "नुसतं सांगून राहिली."

त्या रात्री तिने भाकर केली, श्रावणला वाढली, आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेतला. "आता तं खाय," तो म्हणाला. तिने मान हलवली. तो कमी आलेला बकरा आता परत येणार नव्हता हे खरे. पण नेम उद्या सांजेला, आखर भरल्यावर सुटेल असे तिच्या मनाने धरले होते, आणि मनाने धरलेले ती मोडत नसे. श्रावणने अर्धी भाकर झाकून ठेवली आणि घाटी मागितली.

तिला जाग आली तेव्हा तो चुलीपाशी बसला होता. घाटी राखेने घासून लख्ख केली होती. तणस चुलीत जळत होती. तो नव्या पट्ट्याला भोक पाडत होता.

"कोनाच्या गळ्यात?" त्याने विचारले.

"लंगड्या बकरीच्या. सगळ्यात मांगं तेच राहाते."

तो हसला. "मायची रीत," तो म्हणाला आणि पट्टा ओवू लागला.

तुळशीला पाणी घालून ती आखरात गेली तेव्हा धुके बोडीवरून अजून उठायचे होते. आधी तिथे फक्त त्यांच्या घरच्या बकऱ्या होत्या, गळ्यात घाटी मिरवणारी लंगडी आणि भुरी. मग कुंताबाईने तिच्या दोन्ही आणून सोडल्या. "काही घरच्या नाही येत," ती म्हणाली. "भेलेत." मनकर्णा थांबली. आणखी काही घरांतून आल्या, काही दारे लागलेलीच राहिली. शेवटी पाटलाच्या वाड्याचे कवाड करकरले आणि त्यांच्या बकऱ्या बाहेर आल्या, मागे सुशीलाबाई. तिने एका बकरीच्या पाठीवर थाप मारली, मनकर्णाकडे पाहिले आणि ती आत गेली.

सगळ्या नव्हत्या. पण आल्या होत्या त्या नेण्यासारख्या होत्या.

मनकर्णाने पदर कमरेला खोचला. बकऱ्या धुऱ्याने रांगेत निघाल्या, निळ्या लाखोरीच्या कडेकडेने, आणि मागे घाटी वाजत राहिली, मोठ्याने, अख्ख्या शिवारात ऐकू जाईल अशी. पाटलाच्या बांधीवर गोपीचंद बिडी पेटवत होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा काडीकडे पाहिले. समोर जुन्या बोडीपलीकडे टेकडी धुक्यातून वर येत होती. मनकर्णाने आकडी खांद्यावर घेतली आणि लंगडीच्या मागे, सर्वांत शेवटी, चालू लागली.